एच.आय.व्ही.ची तपासणी : तरुण का कचरतात?

गेल्या महिन्यातली गोष्ट. खारबावच्या माझ्या दवाखान्यातली संध्याकाळची गर्दी ओसरली होती. कंपाउंडरने शटर अर्धे खाली ओढले होते. तेवढ्यात तेवीस-चोवीस वर्षांचा एक मुलगा वाकून आत आला. भिवंडीकडच्या एका गोडाऊनमध्ये कामाला आहे. पंधरा दिवसांतली त्याची ही तिसरी खेप. पहिल्यांदा ‘अशक्तपणा वाटतो’ म्हणून आला, दुसऱ्यांदा ‘पित्त वाढलंय’ म्हणून. दोन्ही वेळा तपासून काही सापडले नव्हते. या वेळी बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “डॉक्टर, माझ्या एका मित्रासाठी विचारायचं होतं. एच.आय.व्ही.ची टेस्ट कुठं करतात? आणि घरी कळतं का?”

तीस वर्षांच्या व्यवसायात ‘माझ्या मित्रासाठी’ हे शब्द मी अनेकदा ऐकले आहेत. हा मित्र बहुतेक वेळा समोरच बसलेला असतो. पण त्या मुलाच्या प्रश्नांकडे जरा लक्ष द्या. ‘हा आजार बरा होतो का’, ‘औषध मिळते का’ असे त्याने विचारले नाही. त्याला हवे होते ते एवढेच : कुठे जायचे आणि कोणाकोणाला कळेल.

एड्सविषयी आपण पुष्कळ वाचतो, ऐकतो. दरवर्षी १ डिसेंबरला जागतिक एड्स दिन येतो, कॉलेजातून प्रभातफेऱ्या निघतात, भाषणे होतात. ‘वेळेवर तपासणी करा’ हे वाक्य तर पाठ झालेले आहे. तरीही ज्याला तपासणीची गरज आहे तो तरुण तपासणीच्या खोलीपर्यंत का पोचत नाही? माझा अनुभव असा की, त्याला रोगाच्या भीतीपेक्षा माणसांची भीती जास्त अडवते. आज त्याबद्दलच लिहितो.

आधी थोडी माहिती

एच.आय.व्ही. हा विषाणू आहे. तो शरीराची प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या पेशींवर, विशेषतः सी.डी.४ या पांढऱ्या पेशींवर हल्ला करतो. उपचार न मिळाल्यास या पेशी वर्षानुवर्षे कमी होत जातात आणि शेवटी क्षयरोग, न्यूमोनिया, मेंदूज्वर असे आजार शरीराला गाठतात. त्या अवस्थेला एड्स म्हणतात. म्हणजे एच.आय.व्ही.ची लागण आणि एड्स या दोन गोष्टी एक नव्हेत. त्यांच्यामध्ये बहुधा आठ-दहा वर्षांचा काळ जातो. या काळात माणूस दिसायला धडधाकट असतो, कामाला जातो, क्रिकेट खेळतो, हळदीत नाचतो. त्यामुळे चेहऱ्यावरून कोणाला ओळखता येत नाही. रक्ताची तपासणी हाच ओळखण्याचा मार्ग.

हा विषाणू चार वाटांनी पसरतो : बाधित व्यक्तीशी निरोध न वापरता केलेला लैंगिक संबंध, बाधित रक्त, दूषित सुई-सिरिंज, आणि बाधित आईकडून बाळाला. एका ताटात जेवल्याने, हात मिळवल्याने, एक संडास वापरल्याने किंवा डास चावल्याने तो पसरत नाही.

आपल्या देशात आज अंदाजे पंचवीस लाख लोक एच.आय.व्ही.सह जगत आहेत आणि त्यांची सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्रात आहे. तेव्हा ‘हे मुंबईचे, हायवेवरचे, परप्रांतीयांचे दुखणे’ असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. खारबाव काही बेटावर वसलेले नाही. एका बाजूला वसई, दुसऱ्या बाजूला भिवंडी, मधून दिवा-वसईची रेल्वे. आपली मुले रोज बाहेर जातात आणि बाहेरची माणसे रोज इथे येतात.

माझ्या हातून झालेली चूक

इतरांना उपदेश करण्याआधी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. (यात कोणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

वीसएक वर्षांपूर्वी लूमवर काम करणारा एक तरुण माझ्याकडे आला. लघवीच्या जागी फोड होता. मी औषध लिहून दिले आणि बाहेर बाकावर चार माणसे बसलेली असताना मोठ्या आवाजात म्हणालो, “असले उद्योग करतोस आणि मग इथं येतोस? जा, एच.आय.व्ही. तपासून घे आधी!” मला वाटले, कान उपटला, बरे केले. तो मान खाली घालून निघून गेला. माझे औषधही त्याने पुरते घेतले नसावे.

तो परत आला दोन वर्षांनी. भावाने धरून आणला होता. वजन अठ्ठावीस किलोने नव्हे, पण चांगले बारा-तेरा किलोने उतरले होते. खोकला, ताप, तोंडात पांढरा चट्टा. क्षयरोग निघाला आणि त्यापाठोपाठ एच.आय.व्ही.ही. सी.डी.४ पेशींचा आकडा शंभराच्या आत होता. निरोगी माणसात तो साधारणपणे पाचशेच्या वर असतो.

सुदैवाने तोवर सरकारी औषधे सुरू झाली होती. तो वाचला. आज त्याचे लग्न झालेले आहे, बायकोला सगळे ठाऊक आहे, तिची व मुलीची तपासणी निगेटिव्ह आहे. पुढे एकदा मी त्याला विचारले, “तेव्हा मी सांगितलं होतं, मग का नाही गेलास?” तो म्हणाला, “डॉक्टर, तुम्ही टेस्ट सांगितली नाही, तुम्ही शिक्षा सांगितली. बाहेर आमच्या आळीतला एक जण बसला होता.”

ती दोन वर्षे त्याच्या आयुष्यातून मी घालवली. तेव्हापासून माझ्या टेबलापुढे पडदा आहे आणि आवाज खाली आहे.

पावले कशाने अडतात?

गेल्या काही वर्षांत अशा विषयावर जी मुले-मुली माझ्याशी बोलली, त्यांच्या बोलण्यात तीच तीच कारणे पुन्हा येतात.

पहिले कारण : ‘मी तसला नाही.’ तरुणांच्या मनात एड्सच्या रोग्याचे एक चित्र असते. हाडाचा सापळा झालेला, वाईट वस्तीत जाणारा, दारुडा. आपण तसे नाही, आपण तर चांगल्या घरातले, आपली मैत्रीण ओळखीची, म्हणून आपल्याला धोका नाही असे ते धरून चालतात. विषाणू घराणे विचारत नाही. निरोध न वापरता एकदा जरी संबंध आला असेल आणि समोरच्याची तपासणी ठाऊक नसेल, तर आपली तपासणी करून घेणे शहाणपणाचे. माहितीची उणीवही मोठी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या देशातील स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के आणि पुरुषांपैकी सुमारे ३१ टक्के यांनाच एच.आय.व्ही.विषयी पुरेशी व अचूक माहिती असल्याचे दिसले. नाव सर्वांनी ऐकलेले असते. पण नाव ऐकणे वेगळे आणि नीट माहिती असणे वेगळे.

दुसरे कारण : ‘कोणी पाहिलं तर?’ लहान गावात हे सर्वांत मोठे कारण आहे. लॅबमध्ये रक्त घेणारा मावसभावाचा मित्र असतो, केसपेपर काढणारी बाई आईच्या भिशीतली असते. ‘तपासायला गेला म्हणजे काहीतरी असणारच,’ अशी कुजबुज निकालाआधीच सुरू होते. त्यामुळे कित्येक जण लांबच्या शहरात जाऊन, खोटे नाव सांगून तपासणी करतात. निकाल पॉझिटिव्ह आला की मग ना समुपदेशन, ना पुढचे उपचार. कागद फाडून टाकायचा आणि गप्प बसायचे.

तिसरे कारण : ‘निघालं तर काय करू?’ न तपासता निदान आशा तरी राहते, असे एका मुलीने मला सांगितले. हे समजण्यासारखे आहे. निकालानंतर पुढे भिंतच आहे असे ज्याला वाटते, तो दार उघडायला जात नाही.

चौथे कारण साधे आहे : वेळ आणि रोजगार. सरकारी रुग्णालयातली तपासणी सकाळच्या वेळात. गोडाऊनला हजेरीही सकाळीच. तपासणी फुकट असली तरी खाडा फुकट पडत नाही. शिवाय मुकादमाला कारण काय सांगायचे?

पाचवे कारण मुलींचे. एकटीने भिवंडीला जायचे तर घरी दहा प्रश्न. लग्न झालेल्या मुलीची तपासणी बहुधा दिवस राहिल्यावरच होते आणि तिचा निकाल वाईट आला तर नवऱ्याआधी तिच्यावरच बोट रोखले जाते. लागण नवऱ्याकडून आलेली असली तरी! ‘आधी तिचे निघाले’ एवढ्यावर घराबाहेर काढलेल्या सुना मी पाहिल्या आहेत.

सहावे कारण आम्ही. डॉक्टर, नर्स, लॅबवाले. आमच्या भुवया, आमचे टोमणे. त्याचा दाखला वर दिलाच आहे.

ही भीती आली कुठून?

तरुणांना नावे ठेवण्याआधी हे आठवले पाहिजे की, ही भीती आपणच पेरलेली आहे. भारतात एच.आय.व्ही.ची लागण प्रथम आढळली १९८६ मध्ये, मद्रासला. त्यानंतर तीनच वर्षांनी आपल्या शेजारी गोव्यात काय घडले पाहा. डॉमिनिक डिसोझा नावाच्या तरुणाने रक्तदान केले होते. त्या रक्ताच्या तपासणीतून लागण उघड झाली. १९८९ मध्ये पोलिसांनी त्याला नेले आणि तेव्हाच्या गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली क्षयरोग्यांसाठी असलेल्या एका जुन्या इमारतीत ६४ दिवस एकटे डांबून ठेवले. त्याने गुन्हा काय केला होता? दुसऱ्याचा जीव वाचवायला रक्त दिले होते. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. सुटल्यावर डॉमिनिकने एच.आय.व्ही. बाधितांच्या हक्कांसाठी काम केले. १९९२ मध्ये तो वारला.

त्या काळात औषध नव्हते. म्हणून कवटी, हाडे, साप अशी चित्रे भिंतींवर रंगवली गेली. ‘एड्स म्हणजे मृत्यू’ असे आम्ही डॉक्टरांनीही सांगितले. हेतू चांगला होता. लोकांनी सावध व्हावे. पण ज्याला शंका होती तो त्या भिंतीवरून नजर चुकवून निघून गेला. मृत्यूचीच तपासणी करून घ्यायला कोण जाईल?

आज परिस्थिती पुष्कळ पालटली आहे. भिंतीवरचे चित्र मात्र अजून लोकांच्या मनावरून पुसले गेलेले नाही. १ एप्रिल २००४ पासून सरकारने एच.आय.व्ही.ची औषधे, ज्यांना ए.आर.टी. म्हणतात, मोफत द्यायला सुरुवात केली. सुरुवातीला सी.डी.४ पेशी एका मर्यादेखाली उतरेपर्यंत औषधासाठी थांबावे लागे. २०१७ पासून तसे नाही. निदान झाले की लगेच औषध सुरू करता येते. बहुतेकांना दिवसाला एकच गोळी लागते. ती न चुकता आयुष्यभर घ्यायची, जशी मधुमेहाची किंवा रक्तदाबाची. वेळेवर सुरुवात केली तर माणूस जवळजवळ इतरांइतकेच आयुष्य जगतो. नियमित औषधाने रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तो तपासणीत सापडत नाही. तशी स्थिती टिकून असेल तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदर बाईने उपचार घेतले नाहीत तर बाळाला लागण होण्याचा धोका १५ ते ४५ टक्के असतो. वेळेवर उपचार घेतल्यास तो ५ टक्क्यांच्या खाली आणता येतो.

कायदाही पालटला. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्येच असा निकाल दिला होता की, कामाला सक्षम असलेल्या माणसाला केवळ एच.आय.व्ही. आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. पुढे संसदेने २०१७ मध्ये एच.आय.व्ही. व एड्सविषयीचा स्वतंत्र कायदा केला आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार समजावून सांगून संमती घेतल्याशिवाय तपासणी करता येत नाही. निकाल गुप्त ठेवावा लागतो. नोकरी, शिक्षण किंवा उपचार देण्याआधी एच.आय.व्ही.ची तपासणी करण्याची अट घालता येत नाही.

मग जे येतात, ते कशामुळे?

इतक्या अडचणी असूनही काही तरुण येतात. त्यांना मी हमखास विचारतो, “आज कसा काय आलास?” उत्तरे ऐकण्यासारखी असतात.

कोणाचे लग्न ठरलेले असते. साखरपुडा जवळ आला की मनातली जुनी गोष्ट वर येते. “मला काही झालं तर झालं, पण तिला कशाला?” असे एक जण म्हणाला. दुसऱ्याच्या काळजीपोटी माणूस जे करतो, ते स्वतःसाठी करत नाही, हे मी नेहमी पाहतो.

कोणी गावातला ओळखीचा रोगी औषधावर सुधारलेला पाहिलेला असतो. अंथरुणाला खिळलेला माणूस सहा महिन्यांत पुन्हा रिक्षा चालवताना दिसला की जे काम होते, ते शंभर भाषणांनी होत नाही.

काही जण दुसऱ्या निमित्ताने येतात : क्षयरोग झाला म्हणून, दिवस राहिले म्हणून, आखाती देशात नोकरीला जायचे आहे म्हणून.

पण सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारे उत्तर वेगळेच आहे : “मित्र म्हणाला, चल, मी पण येतो.” बहीण बरोबर आली, वहिनीने धीर दिला, कॉलेजच्या सरांनी कोणाचे नाव न घेता पत्ता सांगितला. सोबतीला एक माणूस मिळाला की पाऊल उचलले जाते. कुठे जायचे, किती वेळ लागेल, कोण काय विचारेल, हे आधी कळले की निम्मी धास्ती जाते. म्हणून तेच आता सांगतो.

तपासणी कशी होते?

उपजिल्हा व जिल्हा रुग्णालयांत ‘एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र’ असते. लोक त्याला आय.सी.टी.सी. म्हणतात. आपल्याकडच्यांना भिवंडीचे इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय जवळचे. अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांतही पहिली चाचणी होते. आपल्या केंद्रात विचारून घ्यावे. तपासणीला पैसे पडत नाहीत.

प्रथम समुपदेशक तुमच्याशी एकट्याने बोलतात. काही खाजगी प्रश्न विचारतात. ते न्यायनिवाड्यासाठी नसून धोका किती हे ठरवण्यासाठी असतात. तुम्ही हो म्हणालात तरच रक्त घेतात. चाचणी झटपट होणारी असते. पहिल्या चाचणीत दोष दिसला नाही तर निकाल निगेटिव्ह. दोष दिसला तर लगेच ‘एड्स झाला’ असे कोणी म्हणत नाही. वेगवेगळ्या बनावटीच्या आणखी दोन किटवर तपासून तिन्ही जुळल्यावरच पॉझिटिव्ह निकाल देतात. निकाल समुपदेशक समोर बसवून सांगतात आणि पॉझिटिव्ह असेल तर ए.आर.टी. केंद्राची चिठ्ठी देतात.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. लागण झाल्यावर लगेच ती तपासणीत दिसत नाही. शरीरात प्रतिद्रव्ये तयार व्हायला साधारण तीन आठवडे ते तीन महिने लागतात. म्हणून काल संबंध आला आणि आज रिपोर्ट निगेटिव्ह निघाला, तर निश्चिंत होऊ नये. तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे आणि तोवर निरोध वापरावा.

वाचकांच्या मनातले काही प्रश्न

रक्तदान शिबिरात रक्त दिले की तपासणी आपोआप होते. मग वेगळे कशाला जायचे?

असे कधीही करू नका. दान केलेल्या प्रत्येक बाटलीची तपासणी होते हे खरे. पण लागण ताजी असेल तर ती निसटू शकते आणि तुमचे रक्त एखाद्या बाळंतिणीला किंवा अपघातातल्या मुलाला जाऊ शकते. शंका असेल तर रक्तदान थांबवा आणि आधी केंद्रात जा.

परवाच धोका पत्करला गेला. आता काय?

७२ तास उलटण्याच्या आत डॉक्टरांना गाठा. लागण टाळण्यासाठी २८ दिवसांचा औषधांचा कोर्स असतो. जितक्या लवकर सुरू होईल तितका उपयोग जास्त. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नाही. बलात्काराच्या प्रसंगात तर एक तासही दवडू नये. थेट सरकारी रुग्णालयात जावे.

मी सतरा वर्षांचा आहे. एकटा जाऊन तपासणी करू शकतो का?

अठरा वर्षांखालील मुलांच्या तपासणीला आईवडिलांची किंवा पालकांची संमती लागते. या अटीमुळे मुले कचरतात, हे मला ठाऊक आहे. पण समुपदेशकांशी बोलायला जा किंवा १०९७ या मोफत सरकारी दूरध्वनीवर विचारा. नाव सांगावे लागत नाही. घरात एक तरी असे माणूस असते, काका, मावशी, आजी, ज्याच्याजवळ बोलता येते. त्याला बरोबर घ्या.

निकाल खरोखर गुप्त राहतो का?

कायद्याने ठेवावाच लागतो. मोजके अपवाद आहेत. जोडीदाराला लागणीचा धोका आहे असे डॉक्टर किंवा समुपदेशकांना वाटले, तर ते आधी तुम्हाला समजावतात, तुम्ही स्वतः सांगावे म्हणून मदत करतात आणि त्यानंतरच, तुम्हाला कल्पना देऊन, जोडीदाराला सांगू शकतात. मात्र त्यामुळे विशेषतः स्त्रीला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढले जाईल अशी भीती असेल, तर सांगू नये असे कायदाच म्हणतो.

लग्नाआधी मुलाकडून रिपोर्ट मागावा का?

दोघांनी मिळून, राजीखुशीने तपासणी केली तर उत्तमच. पत्रिकेचे छत्तीस गुण पाहणाऱ्यांना रक्ताचा कागद जड वाटू नये. पण एकट्या मुलीवर सक्ती करणे किंवा रिपोर्ट नातेवाइकांत फिरवणे चूक आहे. आणि एक निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे जन्मभराची हमीही नव्हे.

वडीलधाऱ्यांना चार शब्द

हा लेख तरुणांपेक्षा त्यांचे आईवडील जास्त वाचतील, याची मला कल्पना आहे. म्हणून त्यांच्यासाठी थोडेसे. घरात टीव्हीवर किंवा पेपरात एड्सची बातमी आली की ‘अशांना गोळ्याच घातल्या पाहिजेत’ असे सहज बोलून जातो. शेजारी बसलेला मुलगा ते ऐकतो आणि मनाशी ठरवतो की, या घरात हे कधी बोलायचे नाही. पुढे त्याला गरज पडली तर तो तुमच्याकडे येणार नाही. पानपट्टीवरच्या मित्राकडे जाईल किंवा ‘खात्रीशीर इलाज’ विकणाऱ्या भोंदूकडे. म्हणून बोलताना जपा. मुलगा एका दिवसाची रजा घेऊन ‘रक्त तपासायला जातोय’ म्हणाला, तर खोदून विचारू नका. ‘मी येऊ का सोबत?’ एवढेच विचारा.

मुकादम, शेठ, लूमचे मालक यांनाही विनंती. माणूस आजारी पडून दोन महिने घरी बसला तर तुमचेच नुकसान. सकाळचे दोन तास सोडा आणि कारण विचारू नका.

आणि माझ्या व्यवसायबंधूंनो, पडदा लावा, आवाज खाली ठेवा.

आता त्या मुलाचे काय झाले, ते सांगून थांबतो. त्याला मी त्या रात्री वर लिहिलेले सगळे समजावले. त्याचा धोक्याचा प्रसंग आठ महिन्यांपूर्वीचा होता, म्हणजे तपासणीचा निकाल भरवशाचा मिळणार होता. “तुझ्या मित्राला सांग,” मी म्हणालो, “एकटा जाऊ नकोस. आणि निकाल काहीही आला तरी परत इथं ये.” तो हसला. चार दिवसांनी खऱ्या मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून तो भिवंडीला गेला. निकाल निगेटिव्ह निघाला.

परवा तो पुन्हा आला, पुन्हा शटर अर्धे खाली असताना. मी विचारले, “आता काय? पित्त?” तो म्हणाला, “नाही डॉक्टर. बाहेर एक जण उभा आहे. आत यायला घाबरतोय. या वेळी खरंच मित्रासाठी आलोय.”

मी कंपाउंडरला शटर आणखी थोडे वर करायला सांगितले.

(पुढील आठवड्यात : क्षयरोगाचे औषध मध्येच का सोडू नये? वाचकांनी आपले प्रश्न वृत्तपत्राच्या पत्त्यावर पाठवावेत. नाव लिहिले नाही तरी चालेल.)